सिद्रामप्पाचं दावं

काशम्माचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. मठातला प्रसादसुद्धा ती आधी शेजारणीला खायला लावायची, असं गावात म्हणत. खरंखोटं तीच जाणे. पण नवरा गेल्यावर दीड एकर बरड रान तिनं भावकीच्या घशातून काढलं ते याच गुणावर. मग त्यात वाईट काय?

चुकली ती फक्त सिद्रामप्पापाशी. हा गावचा सरपंच. दुष्काळानंतर लहान शेतकऱ्यांना निम्म्या किमतीत म्हैस द्यायची सरकारी योजना आली, तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "काशक्का, निम्मे सरकार घालतंय, निम्मे तू घाल. बाकीचं मी बगतो." माणसाला एकदाच मिळणारी म्हैस. काशम्मानं पेटीतले चांदीचे तोडे काढून दिले. पुढं म्हैस कधी येणार विचारलं की "येईल की" एवढंच.

तिला घोर लागला. आदल्या साली शेजारच्या निंगव्वाच्या दारात अशीच म्हैस आली होती. तपासणीचा साहेब बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी खुंटा रिकामा. सरपंचानं आपल्या गोठ्यात नेली, असं निंगव्वा सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगत होती. तेव्हा काशम्मा म्हणाली, "जा गं. सरकारची म्हस इकून खाल्लीस तू." आणि हेच तिनं आडावर चारचौघींना सांगितलं. तेव्हापासून निंगव्वाशी कुणी धड बोलेना.

एका सकाळी सरपंचाच्या गड्यानं काशम्माच्या दारात म्हैस आणून बांधली, सोबत रेडकू. "आज सायेब येनार. माजी हाय म्हनायचं. सांजच्याला मी परत नेतो, मालकाच्या गोठ्यात बरी ऱ्हाईल."

काशम्मानं म्हशीभोवती फेरी मारली. दात बघितले, कास बघितली. मग गळ्यातल्या दाव्यावर तिची नजर गेली. हिरव्या लुगड्याचा काठ घालून वळलेलं दावं. हेच तिनं निंगव्वाच्या म्हशीच्या गळ्यात पाहिलं होतं. जनावर विकणारा आपलं दावं सोडून घेतो, ही तिकडची रीत. ज्याचं दावं त्याचं जनावर. म्हणजे सिद्रामप्पानं ही म्हैस कुणालाच दिली नव्हती, नुसती दारोदार दाखवली होती. निंगव्वा खरं बोलत होती. काशम्माला स्वतःचीच शिसारी आली.

पण रडत बसायला ती काही बावळट नव्हती. माळ्यावरचा अंबाडीचा वाख काढला, नवं दावं वळलं, म्हशीच्या गळ्यात घातलं आणि जुनं पदराखाली धरून बसली.

जीप आली. साहेब उतरला, सरपंच उतरला, गाव जमला.

"म्हैस कुणाची, बाई?"

"माजीच की, सायेब."

सिद्रामप्पा खूश होऊन मान डोलावत होता. तेवढ्यात काशम्मानं दोन्ही हातांनी जुनं दावं त्याच्यापुढं धरलं. "मालक, तुमचं दावं ऱ्हायलं. इकल्याल्या जनावराचं दावं मी कशाला ठिवू? दाव्यासंगं तुमची लक्ष्मी तुमच्या गोठ्यात जाऊ दे."

सिद्रामप्पाचा हात पुढं येईना. ते हातात घेणं म्हणजे म्हैस दिली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेब शेतकऱ्याच्याच घरातला असावा. तो हसून म्हणाला, "घ्या की हो सरपंच, रीतच आहे." एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून सिद्रामप्पानं दावं घेतलं.

सांजेला गडी आला नाही. तरी काशम्मानं नव्या दाव्याचं टोक बाजेच्या पायाला बांधून ठेवलं. मग धार काढून तांब्याभर दूध घेतलं आणि वर्षानं निंगव्वाचा उंबरा चढली.

निंगव्वा जोंधळे निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"निंगव्वा, मी चुकले. तू खरं बोलत हुतीस. मीच तुजं नाव घालवलं. समद्यास्नी सांगते उद्या." काशम्मानं तांब्या पुढं ठेवला. "पयल्या धारंचं दूद हाय. घे."

निंगव्वानं दुधाकडं बघितलं, काशम्माकडं बघितलं, आणि तांब्या तिच्याकडं परत सरकवला.

"आधी तू पी," ती म्हणाली.