देवळासमोरचा फोटो

काल मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज आला आणि सासऱ्यांचं आयुष्यातलं एकमेव चलन आठवलं. गावाकडून नाशिकच्या बाजारात शेवंती घेऊन येणाऱ्या या माणसाने इतक्या वर्षांत कधी सिग्नल तोडला नव्हता, त्यामुळे 'विनाहेल्मेट' हा शब्द त्यांच्या फार जिव्हारी लागला. फोटोत ते देवळासमोरच्या लाल सिग्नलला मोटारसायकलवर बसलेले होते, डोळे मिटलेले आणि हेल्मेट मांडीवर. मी लायसन, आरसी बुक आणि फोटोची रंगीत प्रत फाइलला लावली आणि त्यांना वाहतूक शाखेत घेऊन गेले. तिथल्या पोलीसबाईंनी विचारलं, "बाबा, हेल्मेट का काढलं?" "देवाला नमस्कार केला ना. तोंड झाकलेलं, देवानं वळखायचं कसं?" "देवाचं माहीत नाही, कॅमेऱ्यानं बरोबर ओळखलं," बाई हसल्या. "मग याच्या आधीचा अन् नंतरचा फोटो दाखवा. दोन्हीत डोक्यावरच हाय." "एकच येतो, बाबा." "एका फोटोवरून माणूस कसा कळायचा, ताई?" बाईंनी सासऱ्यांना खुर्ची दिली आणि त्यांचं सगळं म्हणणं जसंच्या तसं तक्रारीत उतरवून घेतलं. महिन्याभराने तक्रार फेटाळल्याचं कळलं. सासऱ्यांनी त्याच दिवशी कुरकुर न करता दंड भरला आणि गावात भेटेल त्याला सांगितलं, "त्या बाईंनी माझं समदं ऐकून घेतलं." त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं, माझं अजून झालेलं नाही.