ओढ्याकाठचे खिळे

माझी शिपायाची नोकरी टिकली ती कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मॅडममुळे. अंबाड्यात पेन खोचून त्या कॉम्प्युटरला म्हशीसारखं दटावतात, "चल की गं!" आकडे मात्र कन्नडमध्ये मोजतात. पावसानं जमीन पुढं कशी बदलेल, हे दाखवणारा त्यांचा प्रोग्राम फुकट आहे. जगभरचे लोक तो मिळून वापरतात, सुधारतात.

त्यासाठी वळसंग गावच्या ओढ्याकाठी त्यांनी लांब खिळे ठोकले होते. माती जितकी झिजेल, तितका खिळा उघडा पडणार. मला एवढंच सांगितलं, "लक्ष ठेवा." मी आठवीत शाळा सोडून गडचिरोलीहून आलेला, कामात कसूर नको म्हणून जिवापाड लक्ष ठेवलं.

पावसाळ्यानंतर खिळे मोजून, आकडे जगभरच्या त्या लोकांना पाठवून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "काय ओ दादा, माती जराही झिजली नाही?"

"खिळे बाहेर यायचे मॅडम, पण मी दर आठवड्याला ठोकून आत बसवले ना!"

आता नोकरी गेली! मी मनात पिशवी भरली. मग मॅडम इतक्या हसल्या की पेन खाली पडलं. लगेच त्यांनी जगाला कळवलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं, "आकडे काढून टाका. खिळे कशासाठी, ते मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

कधीतरी मॅडमचं काही चुकेलच. तेव्हा ती चूक मी माझ्या नावावर घेणार.