ढोलीतली बाळंतीण

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर मूळच्या कोकणातल्या एक सिक्युरिटीवाल्या मावशी होत्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना त्या टोपी काढून काखेत धरायच्या.

एप्रिलमध्ये पार्किंगची शेड वाढवायची होती, म्हणून गेटजवळचं शिरीषाचं झाड तोडायला मी माणूस आणला. मावशी खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"सायब, ढोलीत बाळंतीण आसा."

मी वर पाहिलं. ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं होतं आणि उरलेल्या फटीतून एक राखाडी धनेश आतल्या मादीला फळ भरवत होता.

"हा तुमच्या कोकणातलाच पक्षी का?"

"नाय. आमच्या राखाडी धनेशाच्या चोचीर शिंग नसता, ह्येच्या आसा. आमचो माणसासारखो हसता, ह्यो किंचाळता. पण बायल आत बसली की दोगय सारखेच भरवतत."

मी करवतवाल्याला परत पाठवलं. मॅनेजरांची बोलणी खाल्ली.

जूनमध्ये पिल्लं उडाली. "आता झाड मोकळा झाला," मावशी हळूच म्हणाल्या.

मी शेडचा नवा नकाशा त्यांच्यापुढे उघडला. त्यात शेड झाडाला वळसा घालून पुढे गेली होती.