पत्रिकेत शोधलेला दोष

अकोल्याचे ज्योतिषी वसंतशास्त्री यांनी सून अदितीच्या अनियमित पाळीचे व वंध्यत्वाचे कारण पत्रिकेतील सर्पदोषात शोधले. सात वर्षे तिच्याकडून उपवास आणि संतानगोपालाचा जप करवला. अखेर ते तिला घेऊन गेले, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा पीसीओएस आहे. बीजकोशातली काही जनुकं जास्त काम करतात, काही कमी. म्हणून बीज पिकत नाही. उपचार आहेत, पण आता वय एकोणचाळीस. आधी यायला हवं होतं."

शास्त्रीबुवांची मान खाली गेली.

दुसऱ्याच दिवशी तिवशाचे खुशालराव मूल होत नसलेल्या आपल्या सुनेची पत्रिका घेऊन आले. "सून म्हणते डॉक्टर, मी म्हणतो महाराज. कोनता जप करू?"

"सुनेचं ऐका. मी माझ्या सुनेची सात वर्षं घालवली."

स्वयंपाकघरात अदितीने ते ऐकले. तिच्यासमोर मात्र त्यांनी हे अद्याप उच्चारले नव्हते.