विमलमावशींचा चेहरा

बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणी नवीन राहायला आलं, की आठवड्याच्या आत विमलमावशी त्याची चाल आणि आवाज हुबेहूब करून दाखवायच्या, तेही त्याच्यासमोरच. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ही माझी शेजारीण म्हणायची, "मागून हसणं पाप हाय. समोर हसलं तं नातं होते."

साठीच्या सुमारास त्यांच्या नकला थांबल्या. आवाज बारीक झाला, चेहरा कोरा पडला, चालताना उजवा हात हलेनासा झाला. मुलानं, अविनाशनं, जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उम्र का असर है. आम्हीही तेच म्हणालो. त्याच वर्षी श्वेता सून म्हणून घरात आली. तिनं आणलेली साडी पाहून, पुढे तिला दिवस गेल्याची बातमी ऐकूनही मावशींचा चेहरा दगडासारखाच. आपण सासूला आवडत नाही, असं तिनं मनाशी धरलं. शेजारीपाजारी म्हणू लागले, म्हातारी खडूस झाली. माझंही जाणं कमी झालं. शेवटी अविनाश आणि श्वेता भनपुरीकडे वेगळे राहायला गेले.

नंतर मावशी न्हाणीघरात पडल्या, तेव्हा मीच त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. मेंदू वयानं प्रत्येकाचाच मंदावतो, वयाबरोबर या आजाराचा धोकाही वाढतो, म्हणून लोक फसतात, असं ते म्हणाले. पण नुसतं म्हातारपण असं एकच हात धरून बसत नाही, चेहरा असा बंद करत नाही.

परतताना रिक्षात मी विचारलं, श्वेतावर खरंच राग होता का. मावशी म्हणाल्या, "मी तं हसूनच राहिली होती. कोणाले दिसलंच नाही."

संध्याकाळी मी श्वेताला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, चार साल मैं सोचती रही कि मुझमें क्या कमी है. अब बता रही हैं?"

त्यानंतर ती नातीला घेऊन यायची, पण खुर्चीच्या काठावर बसायची आणि लवकर उठायची. औषधांनी मावशींचा हात जरा सैल झाला. चेहरा मात्र फारसा उघडला नाही.

गेल्या वर्षी त्या न्यूमोनियानं गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्यापाशी बसून म्हणाले, मावशी, आम्हाला वाटलं वय झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वय झालं म्हटलं," त्या म्हणाल्या, "की कोणाले काही करा लागत नाही."