कोणी केलं ते नको सांगू

बोलता बोलता समोरच्याच्या तोंडून एखादं नाव निघतंय असं दिसलं, की सिस्टरांचा उजवा हात वर यायचा. पंजा पसरलेला, चौकातला हवालदार गाडी अडवतो तसा. "काय झालं ते सांग. कोणी केलं ते नको सांगू." हे वाक्य आमच्या हॉस्पिटलात डॉक्टरांपासून झाडूपोछा करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. कँटीनमध्ये कोणाचा चहा सांडला तरी आम्ही पंजा वर करून तेच म्हणायचो.

त्यांचं नाव मीही सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं.

हॉस्पिटल खासगी, नागपुरातलं. मी तिथं मेंटेनन्स बघतो. म्हणजे खाट, नळ, एसी यातलं काही बिघडलं की लोकांना माझी आठवण येते. सिस्टरांची उमेदीची सगळी वर्षं वॉर्डात गेली आणि शेवटच्या काही वर्षांत त्यांना क्वालिटीच्या कामाला बसवलं. पेशंट पडला, औषध चुकीचं गेलं, इंजेक्शनची रिअॅक्शन आली, की ते कळवून घ्यायचं, का झालं ते शोधायचं आणि पुन्हा होऊ नये असं बघायचं, हे ते काम. नियमात बसतं, हॉस्पिटलच्या दर्जाच्या सर्टिफिकेटलाही लागतं. ऐकायला फार छान. पण स्वतःची चूक स्वतःच्या पायांनी सांगायला कोण येतो, तुम्हीच सांगा.

माझी त्यांची ओळख बाथरूममधल्या दांड्यामुळे झाली. एका आजोबांनी उठताना भिंतीवरचा दांडा धरला, तो हातात आला आणि आजोबा खाली बसले. सिस्टर तडक माझ्या खोलीत. मी आधीच घाबरलेलो, लगेच सुरू झालो, "तो दांडा आमच्या त्या..."

पंजा वर.

"नाव कायले घेऊन राहिला गा? स्क्रू काहून निघाला ते सांग."

स्क्रू निघाला, कारण तो आखूड होता. आखूड होता, कारण स्टोअरमधून तसलेच आले होते. मग आम्ही प्रत्येक बाथरूममधला दांडा काढून नव्यानं बसवला, आणि ज्या माझ्या माणसाच्या हातून पहिला ढिला राहिला होता, त्यानंच सगळ्यांत मन लावून काम केलं. नाव घेतलं असतं तर तो दुसऱ्या दिवसापासून फिरकला नसता. तेव्हापासून मला बाई पटल्या.

त्या राहायच्या शहरातल्या महाल भागात, मूळच्या मिरचीसाठी प्रसिद्ध भिवापूरच्या. डब्यातली भाजी लालभडक. ती खाऊन समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणायच्या, "रडूनच राहिला तं सांगून टाक, काही चुकलं असन तं."

आणि लोक सांगायला लागले होते, हे महत्त्वाचं. हळूहळू, दबकत, पण सांगायला लागले होते.

खापरखेड्याची एक पोरगी नवी नर्स म्हणून लागली होती. वडील वीज केंद्रात कंत्राटी कामाला, घर दोघांच्या पगारावर चाललेलं. एका दुपारी तिच्या हातून एका म्हाताऱ्या पेशंटला भलतंच इंजेक्शन गेलं. दोन औषधांच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये, दोन्हींची झाकणं निळी. पेशंटचा बीपी खाली गेला, धावपळ झाली, माणूस सावरला. डॉक्टर म्हणाले, वयामुळे झालं असेल. पोरगी गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. पण ती सिस्टरांकडे आली. मी तिथं ट्यूबलाइट बदलत होतो. मेंटेनन्सवाला खोलीत असला तरी कोणी त्याला हिशेबात धरत नाही, त्यामुळे मला बरंच ऐकू येतं.

"म्याडम, सांगितलं तं माही नोकरी जाईन."

"नाही जात वं. माहा शब्द आहे. तुहं नाव ह्या खोलीच्या बाहेर जानार नाही."

पोरीनं सगळं सांगितलं. सिस्टरांनी त्याच दिवशी सगळ्या वॉर्डांतले ट्रे वेगळे करायला लावले, बाटल्यांवर लाल पट्ट्या चिकटवल्या. त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की मला स्वतःच्या खर्चानं चहा पाजला.

पुढे सर्टिफिकेटसाठीची तपासणी जवळ आली. व्यवस्थापक साहेबांनी घडलेल्या प्रकारांची माहिती मागवली, त्यात नाव नव्हतं. त्यांनी ड्युटीचा तक्ता काढला आणि नाव शोधलं. पोरीला सांगितलं, राजीनामा तूच लिहून दे. सिस्टर धावत त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. एसी टपकत होता, मी शिडीवर.

"सर, तिनं सांगितलं म्हणून तं समजलं. तिलेच काढलं तं उद्या कोण सांगन?"

"नाही सांगितलं तर उत्तमच. अहवालात महिन्याला शून्य चुका."

"शून्य पाहून तपासणीवाले हसतील सर. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात काहीच होत नाही?"

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "तर दोन-चार बारीकसारीक टाका ना. सलाईन लावताना दोनदा टोचलं, असं काहीतरी."

सिस्टरांचा हात वर आला, अर्ध्यावर थांबला आणि तसाच खाली गेला. मी वरून बघत होतो. मला इतकं वाईट वाटलं की पाना हातात धरून नुसता उभा राहिलो.

पोरगी गेली. सिस्टर तिच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माह्यानं शब्द नाही पाळल्या गेला वं." पोरीनं तोंडाला स्कार्फ बांधला आणि बसच्या दिशेनं निघून गेली. रडत होती की काय, स्कार्फमुळे दिसलं नाही.

त्यानंतर सिस्टर वॉर्डात शिरल्या की सगळे एकदम कामात दिसायचे. कोणी काही सांगेना. बारीकसारीक प्रकार ऑफिसातच तयार झाले, सर्टिफिकेट आलं, संत्रा बर्फी वाटली गेली. सिस्टरांची बर्फी टेबलावरच राहिली, तिला मुंग्या लागल्या. काही दिवसांनी त्या रिटायर झाल्या.

मागच्या वर्षी पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडेच भरती झाल्या. भरतीच्या दिवशी मी भेटून आलो होतो, छान गप्पा मारल्या. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर पुन्हा गेलो, तर कपाळाच्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ, डोळ्याखाली काळंनिळं. खाटेच्या कडेचं रेलिंग खाली उतरवलेलं. सवयीनं मी ते वर करून पाहिलं. खटका पक्का बसत होता. म्हणजे रेलिंग बिघडलं नव्हतं, कोणी लावलंच नव्हतं. पायथ्याशी एक कोवळी नर्स उभी, तोंड पांढरंफटक.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. "हे काय लागलं, सिस्टर?"

"घरीच लागलं होतं. भरती व्हायच्या आधी. कपाटाचं दार."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. नर्सही गेली. मी खुर्ची ओढून जवळ बसलो.

"सिस्टर, कोणी केलं ते नाही विचारत. काय झालं ते सांगा."

त्यांचा हात वर आला. सलाईनची सुई टोचलेला, पण पंजा पूर्ण उघडा. माझ्यावर इतकी वर्षं रोखलेला तोच पंजा.

"डोक्याचा एखादा स्कॅन तरी काढू द्या."

"मंग काहून काढला ते लिहावं लागन ना, भाऊ. ह्या पोरीचं काय?"

त्या जे शिकवत आल्या ते खरं होतं, आणि आता जे म्हणत होत्या तेही खरं होतं.

त्या घरी गेल्या. महिनाभरानं डोकं दुखायला लागलं, मग बोलताना शब्द सापडेनात, आणि एका सकाळी महालातल्या घरी झोपेतच गेल्या. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. त्या पडण्याचा आणि या जाण्याचा काही संबंध होता का, ते मला माहीत नाही. कोणाला माहीत नाही. असं विचारत बसणारी एकच बाई होती आमच्याकडे.

ती कोवळी नर्स अजून वॉर्डात आहे. काम चांगलं करते. आम्ही समोरासमोर आलो की दोघंही दुसरीकडे बघतो. हल्ली वॉर्डातून जाताना मी प्रत्येक खाटेच्या रेलिंगला हात लावून बघतो. खाली असलं की वर करतो, खटका बसल्याचा आवाज ऐकतो आणि पुढे जातो. कोणाला काही सांगत नाही.