तिसरा पॅरामीटर

बायको, रजनी, गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा मनोहर दुसाने तिला विचारायचा प्रश्न कागदावर लिहीत होता. तो कागद संध्याकाळी तिच्याकडे नेणार होता.

धुळ्याच्या एका अंधशाळेतल्या ब्रेल छापायच्या मशीनसाठी रजनीने वीस वर्षांपूर्वी एक फंक्शन, म्हणजे मजकुराची ब्रेल टिंबं करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिलं होतं. जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि दहावीच्या सहा मुलींची पुस्तकं अडली. म्हणून मनोहर नवा प्रोग्रॅम लिहून त्यातून तेच फंक्शन बोलावत होता. फंक्शनला लागणारी माहिती, म्हणजे पॅरामीटर, कुठे ठेवून द्यायचे याच्या ठरलेल्या रीती असतात, नव्या प्रोग्रॅमच्या भाषेला तेवढ्याच येतात. रजनीची रीत तिची स्वतःची. मजकूर एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका कप्प्यात, त्याची लांबी दुसऱ्यात, एवढं त्याने मशीन कोड चाळून शोधलं. तिसरा पॅरामीटर, ओळीची रुंदी, कुठे ठेवायचा ते सापडेना. मूळ कोडची डिस्क केव्हाच खराब झाली होती.

तिला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. दुपारी जेवून तो लॅपटॉपसमोर बसला आहे. डोळे मिटतात. पंख्याचा आवाज लांब जातो.

रजनी शेजारच्या खुर्चीवर आहे.

"अहो, अजून तिथेच अडलात?"

"तिसरा कुठे ठेवू, तेवढं सांग."

"वीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. आता घाई!"

ती हसते. दोघं शाळेच्या छपाईच्या खोलीत आहेत. मशीनमधून कागद येतो. रजनी त्यावर बोट फिरवते. एकही टिंब उठलेलं नाही.

"एरर आली?"

"नाही गं. काहीच म्हणत नाही. कोरे कागद काढतं."

"फंक्शन त्या जागेवर जे असेल ते उचलतं. त्याला काय कळतंय? थांबा, चहा टाकते, मग सांगते."

मशीनच्या जागी घरचा ओटा आहे. रजनी न बघता डावीकडे हात घालते. चहाचा डबा तिथे असायचा. तेराव्यानंतर मनोहरच्या बहिणीने सगळी मांडणी बदलली, आता तिथे रवा आहे. रजनी दोन चमचे रवा उकळत्या पाण्यात टाकते.

'अगं, तो रवा आहे.' मनोहरचं तोंड हलतं, आवाज निघत नाही.

ती ढवळत राहते. "रंग का येत नाही हो?"

तो पुन्हा सांगायला जातो. ती पुन्हा विचारते.

साडेतीनला त्याला जाग येते. स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर चहाचा डबा ओट्यावर डावीकडे, जुन्या जागी आहे. त्याच्या नखांत चहाची पूड आहे. झोपेत आपणच उठलो असू, असं तो स्वतःला सांगतो. डबा तिथेच राहू देतो.

तिसरा पॅरामीटर कुठे ठेवायचा, ते त्याला अजून माहीत नाही. मुलींची पुस्तकं छापायची राहिली आहेत.